गावातून जाताना वेग तीसच हवा: पायी चालणाऱ्यांसाठी, सायकलवाल्यांसाठी

तापीकाठचा

तीन जून जवळ आला की आपल्याकडे सायकली बाहेर निघतात. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये हा दिवस जागतिक सायकल दिन ठरवला. तेव्हापासून साहेब मंडळी नवे टी-शर्ट घालून मैदानापासून चौकापर्यंत एक फेरी मारतात, फोटो निघतात, केळी वाटली जातात (आपल्याकडे केळीला काय तोटा), सायकली टेम्पोत चढतात आणि साहेब गाडीत बसतात. २०२० साली ॲटलस कंपनीने आपला शेवटचा चालू कारखाना बंद केला, तोही नेमका ३ जूनलाच. असो.

फेरीला माझी हरकत नाही. पण रोज सायकल मारणारा माणूस त्या फेरीत नसतो. तो जळगाव एमआयडीसीतल्या चटई कारखान्यातून रात्रपाळी संपवून निघालेला असतो, आणि अजिंठा चौफुलीजवळ हायवे ओलांडायला कुठे फट मिळते ते बघत असतो. ती फट कशी असते हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दुभाजकावरच्या लोखंडी जाळीचे दोन गज कुणीतरी कधीतरी वाकवलेले. त्यातून माणूस आडवा होऊन जातो, डबा आधी पलीकडे ठेवतो, मग पाय टाकतो. गजांवरचा रंग तेवढ्याच जागी हात लागून लागून गेलेला असतो. अधिकृत चौक पुष्कळ लांब. तिथवर जाऊन परत यायचं तर पाऊण तास मोडतो. बारा तासांच्या पाळीनंतर कोण जाईल?

लोक आळशी झाले म्हणून सायकल सुटली, हे मला पटत नाही. रस्ता रुंद झाला, साइडपट्टी डांबराखाली गेली किंवा दुकानांच्या पायऱ्यांखाली गेली, गाड्या वाढल्या आणि सायकलवाल्याला चाक टेकवायला जागा उरली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे जगात वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावर मरतात. त्यात २३ टक्के पायी चालणारे, ६ टक्के सायकलवाले. आपल्या देशात २०२२ मध्ये रस्त्यावर १,६८,४९१ जण गेले, त्यात पायी चालणारे ३२,८२५. म्हणजे रोज नव्वद माणसं, जी कुठल्याही वाहनात नव्हती.

आता मुद्दा. आपल्या गावांना सायकल ट्रॅकची स्वप्नं दाखवू नका. एकच गोष्ट करा: जिथे वस्ती आहे तिथे वाहनाचा वेग ताशी ३० किलोमीटर. पाटी लावून भागत नाही, रस्त्याची रचनाच तशी हवी. तीसच का, ते हिशेबाने सांगतो. समोर पोर आलं हे कळून ब्रेकवर पाय जायला साधारण एक सेकंद लागतो. ताशी ५० ने जाणारी गाडी त्या एका सेकंदात चौदा मीटर पुढे गेलेली असते, ब्रेक अजून लागलेलाच नसतो. ताशी ३० ची गाडी तेवढ्या अंतरात पूर्ण थांबलेली असते. बाकी वादविवाद या चौदा मीटरच्या पुढचा आहे.

आणि कायदा काय म्हणतो? केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे पालिका हद्दीतल्या रस्त्यावर कारला ताशी ७० पर्यंत मुभा आहे, मोटारसायकलला ६०. राज्य सरकार ती कमी करू शकतं. ते करा, एवढीच मागणी. बोला.

केळीपट्टा

हाऊ मुद्दा बराबर शे भाऊ. पन आयकस कोन?

धुळेकर_गल्ली४

तापीकाठचे भाऊ, लिहिलंय झकास. आता मे महिन्यात दुपारी दोनला देवपुरातून पारोळा चौफुलीपर्यंत पायी जाऊन दाखवा. पारा पंचेचाळीसला टेकलेला, चपलेला डांबर चिकटतं, सायकलच्या हँडलला हात लावला तर चटका बसतो. युरोपातली थंड गावं बघून आपल्याला शहाणपण शिकवणारे फार झाले. आपल्याकडे चार महिने माणूस सकाळी नऊनंतर बाहेर पडायला धजत नाही.

दुसरं, या सायकलप्रेमाचा मला जरा रागच येतो. माझ्या वडिलांनी हयातभर सायकल मारली ती आवडीने मारली नाही. परवडत नव्हती दुसरी वस्तू. घरात लुना आली त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले होते आम्ही. आता ज्यांच्या दारात दोन-दोन गाड्या आहेत तेच सांगतात की सायकल चालवा, पर्यावरण वाचवा. ज्याला सायकल सोडता आली त्याने सोडली, आणि बरं केलं.

तिसरं, तीसचा वेग. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ ला वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी २० मैल, म्हणजे तुमचे हे तीसच, लागू केलं. विरोधातल्या अर्जावर पावणेपाच लाखांच्या आसपास सह्या झाल्या. काही रस्ते पुन्हा जुन्या वेगावर न्यायची मुभा सरकारला द्यावी लागली. तिथल्या शिस्तीच्या लोकांना जमेना ते आपल्याकडे कोण पाळणार?

तापीकाठचा

वेल्सचं अर्धंच सांगितलंत. सह्या झाल्या हे खरं, बदल करावे लागले हेही खरं. पण पहिल्या वर्षात त्या रस्त्यांवरचे जखमी आणि मृत मिळून सुमारे पाव हिश्श्याने कमी झाले. लोक चिडले आणि लोक वाचले, दोन्ही झालं.

उन्हाचं म्हणाल तर युरोप सगळा थंड नाही. स्पेनमधलं सेव्हिल बघा. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारं गाव. तिथे सायकल जवळजवळ दिसतच नव्हती. २००६ नंतर थोड्याच काळात त्यांनी सुमारे ८० किलोमीटरचा मार्ग केला, एकमेकांना जोडलेला आणि गाड्यांपासून कठड्याने वेगळा. बरीचशी जागा पार्किंगमधून काढली. प्रवासातला सायकलचा वाटा टक्काभरसुद्धा नव्हता तो सहा-सात टक्क्यांवर गेला. ऊन तेच होतं.

आणि आपलंही बघा. चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणारे कुठले असतात? आपलेच. धुळे-जळगावहून हजारो माणसं भर चैत्रात, अर्धी वाट रात्री चालून, वणीला जातात. ऊन कसं चुकवायचं हे खान्देशी माणसाला शिकवावं लागत नाही. अंधारात मागून येणारी गाडी कशी चुकवायची, एवढंच त्याच्या हातात नसतं.

धुळेकर_गल्ली४

यात्रा आणि रोजची नोकरी एकाच तागडीत घालू नका. गडावर जाणारा नवस फेडायला जातो. ऑफिसला घामाघूम पोचलेल्या माणसाला साहेब आत घेत नाही.

अमळनेरच्या_बाई

धुळेकर दादा, तुमच्या वडिलांचं पटलं. पण सायकल सोडता न येणाऱ्यांबद्दल बोलू या का? मी एका माध्यमिक शाळेत शिकवते. मानव विकास कार्यक्रमातून आमच्या मुलींना सायकली मिळतात, आठवी ते बारावीच्या, शाळा पाच किलोमीटरच्या आत असणाऱ्यांना. लांबच्यांना बस. योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूची आहे.

आता सायकल मिळाल्यावर काय होतं ते ऐका. पहिला महिना-दीड महिना स्टँड भरलेला. मग हळूहळू कमी. मी विचारायला जाते. पंक्चरवाला नाही हे एक कारण, दोन गावांत मिळून एकच दुकान आणि ते दुपारी बंद. ओढणी चेनमध्ये जाते, कारण चेनकव्हर पहिल्या पावसातच निखळतं. पण वडिलांचं उत्तर बहुतेक एकच असतं: "बाई, फाट्यापासून पुढे मोठा रस्ता आहे. तेवढा दीड किलोमीटर तिला कोण सांभाळणार?" सगळा रस्ता चांगला, तेवढा एक तुकडा मारका. आणि त्या तुकड्यामुळे पोरगी काकाच्या मोटारसायकलवर, नाहीतर भावाची सुट्टी असेल त्या दिवशी शाळेत, आणि दहावीनंतर घरी.

बिहारमध्ये २००६ पासून नववीत गेलेल्या मुलींना सायकलीसाठी पैसे देतात. त्यावर अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला: माध्यमिक शाळेत वयाप्रमाणे जाणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी वाढलं. आणि वाढ कुठे जास्त, तर जिथे शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब होती तिथे. म्हणजे अंतर सायकलीने खरंच कापलं जातं. आपल्याकडे सायकल दिली, रस्ता द्यायचा राहिला. मला युरोप नको. मला फाट्यापासून शाळेपर्यंतचा तेवढा तुकडा द्या.

रावेर_ट्रान्सपोर्ट

सगळ्यांचं वाचलं. आता गाडीवाल्याचं पण ऐका. सावदा-रावेरहून केळी भरली की घड्याळ सुरू होतं. दिल्लीला गाडी वेळेत लागली नाही तर माल गाडीतच पिवळा पडतो आणि व्यापारी भाव पाडतो. तो तोटा शेवटी शेतकऱ्याच्या पट्टीतून वजा होतो, हे सायकलवाल्या मंडळींनी लक्षात ठेवावं.

तुमचं "वेग कमी करा" म्हणजे प्रत्यक्षात काय होतं? गावात एक अपघात होतो, लोक रास्ता रोको करतात, आणि दुसऱ्या दिवशी मुरूम-डांबराचे चार ढीग रस्त्यावर. त्यालाच गतिरोधक म्हणायचं. चोपड्यापासून रावेरपर्यंत या आणि मोजा. पांढरे पट्टे नाहीत, पाटी नाही, रात्री दिसत नाही. भरल्या गाडीचा पाटा तुटतो. मोटारसायकलवर एका अंगाने बसलेली बाई उडते, मांडीवरच्या लेकरासकट. ॲम्ब्युलन्समधला पेशंट अर्धा त्या ढिगांवरच जातो. पायी माणसाला वाचवायला जाऊन दुसऱ्याला मारायचं, हा कुठला न्याय?

उपाय एकच आहे. बायपास. जड वाहन गावात शिरलंच नाही पाहिजे. पाळधी-तरसोद बायपासची जळगावकरांनी किती वर्षं वाट बघितली? तो वेळेत झाला असता तर शहरातल्या हायवेवर इतकी माणसं गेली नसती.

तापीकाठचा

रावेरवाले भाऊ, ढिगांच्या बाबतीत शंभर टक्के तुमच्या बाजूने. पण तो गतिरोधक नव्हेच. इंडियन रोड्स काँग्रेसचं माप ठरलेलं आहे: उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, गोलाई १७ मीटर त्रिज्येची. ताशी २५ ने गेलात तर पोटातलं पाणी हलत नाही, साठने गेलात तर डोकं टपाला लागतं. आपल्याकडचा ढीग दोन फूट रुंद असतो, त्यामुळे हळू जाणाऱ्यालाही तेवढाच दणका. मग हळू कशाला जायचं?

त्याहून चांगली चीज म्हणजे उंच केलेलं क्रॉसिंग. पदपथाच्या पातळीला रस्ताच उचलायचा, वर सपाट, दोन्ही बाजूंना लांब उतार. माणूस सरळ चालत जातो, गाडी चढते-उतरते. ॲम्ब्युलन्सला त्रास त्या मानाने कमी.

हाडवैद्य

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, संध्याकाळी सात ते दहा या वेळात आमच्याकडे काय येतं ते रोज बघतो. थोडं थंड पाणी ओततो, राग मानू नका.

या धाग्यावर पायी आणि सायकलवाल्यांचीच चर्चा चालू आहे. पण देशात मरणाऱ्यांत सगळ्यात मोठा गट दुचाकीवाल्यांचा आहे, २०२२ मध्ये ४४ टक्क्यांच्या वर. आमच्या टेबलावरही तेच. तिघे एका गाडीवर, हेल्मेट टाकीवर ठेवलेलं, चालवणारा सोळा वर्षांचा. किंवा उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळलेला. ट्रॉलीला मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, अंधारात तिचं मागचं टोक दिसतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. यात तुमचा पदपथ काय करणार? हेल्मेट, लायसन्स, दारू आणि ट्रॉलीचा मागचा दिवा, या चार गोष्टी आधी करा. शिवाय पायी चालणारेही काही कमी नाहीत. कानात हेडफोन, मान मोबाइलमध्ये, आणि दुभाजकावरून उडी.

तापीकाठचा

डॉक्टरसाहेब, ट्रॉलीच्या दिव्याला माझ्या दोन सह्या घ्या. पण वेग कमी झाला तर फक्त पायी माणूस वाचतो असं थोडंच आहे? आरोग्य संघटनेचाच हिशेब आहे: सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्के वाढतो. तुमचा तो सोळा वर्षांचा पोरगा तीसने पडला असता तर तुमच्याकडे प्लास्टरला आला असता.

आणि दुभाजकावरून उडी मारणाऱ्याला बेशिस्त म्हणण्याआधी क्रॉसिंग किती लांब आहे ते मोजा. शहरातल्या हायवेला काही चौकांत भुयारी मार्ग झाले, चांगली गोष्ट. मधल्या वस्त्यांनी काय करायचं? माणूस पाण्यासारखा जवळची वाट शोधतो. स्वीडनने १९९७ मध्ये संसदेत "व्हिजन झिरो" मान्य केलं ते याच पायावर: माणूस चुकणारच, त्या चुकीची शिक्षा मरण नसावी अशी व्यवस्था रस्ता बांधणाऱ्याने करायची.

हाडवैद्य

प्लास्टरचं मान्य. बेशिस्तीचं नाही. स्वीडनमध्ये लायसन्स नसलेल्या मुलाच्या हातात बाप गाडीची किल्ली देत नाही.

चाळीसगावी_कापडवाला

व्वा, सगळे युरोप फिरून आले. आता जरा आमच्या बाजारात या. पदपथ करायचा, पार्किंग काढायचं, हातगाड्या हटवायच्या. ठीक. मग माझं गिऱ्हाईक गाडी कुठे लावणार? लग्नसराईत खेड्यावरून बस्ता बांधायला येणारं कुटुंब जीप करून येतं, दहा माणसं, चार बायका, दोन म्हातारे. त्यांना सांगू की स्टँडवर उतरा आणि चालत या? ते पुढच्या गावी जातील.

आणि पदपथ केला होता की आमच्याकडे मागे. गुडघ्याएवढा उंच. वर चढायला म्हाताऱ्या माणसाला कुणीतरी हात द्यावा लागतो, दर दुकानापुढे तुटलेला, मधेच डीपी, मधेच झाड. लोक खालूनच चालतात. मग आम्ही त्यावर पुतळे मांडले तर म्हणतात अतिक्रमण.

पुण्यात_अडकलेला

मूळ पारोळ्याचा, पोटापाण्यासाठी पुण्यात. कापडवाले काकांचं दुसरं वाक्य एकदम बरोबर. गुडघ्याएवढा पदपथ हा पदपथच नाही. नियम सांगतो की उंची १५ सेंटिमीटरच्या वर नको आणि चालायला सलग १.८ मीटर मोकळी जागा हवी. दोन माणसं समोरासमोर आली तर कुणाला खाली उतरावं लागू नये म्हणून. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की चालण्याजोगे पदपथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, दिव्यांगांनाही वापरता येतील असे. आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ कलम आलं आहे: रस्ता ठरलेल्या मापाने बांधला नाही आणि त्यामुळे माणूस मेला किंवा अपंग झाला तर बांधणाऱ्या यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. रक्कम चिल्लर आहे, पण निदान जबाबदार कोण ते कायद्याने लिहिलं.

पहिल्या वाक्याशी मात्र मी सहमत नाही. स्पेनमध्येच पाँतेवेद्रा नावाचं गाव आहे, ऐंशी हजारांच्या आसपास वस्तीचं, म्हणजे आपल्या अमळनेर-चाळीसगावच्या मापाचं. १९९९ मध्ये तिथे एक डॉक्टर महापौर झाले आणि त्यांनी गावाच्या मध्यातून गाड्या काढल्या. माल उतरवायला, आजारी माणसाला, तिथे राहणाऱ्याला परवानगी होती. बाकीच्यांना कडेला पार्किंग. दुकानदारांनी तेव्हा तुमच्यासारखीच ओरड केली होती. ते महापौर पुढे पुन्हा पुन्हा निवडून आले. इकडे लक्ष्मी रोडवरही वर्षातून एकदा, ११ डिसेंबरला, पादचारी दिन करतात. त्या दिवशी त्या रस्त्यावर म्हातारी माणसं रस्त्याच्या मधोमध चालताना दिसतात, एरवी ती कुठे असतात देव जाणे.

आणि तापीकाठचे, ट्रॅक नको म्हणालात त्याला माझं अनुमोदन. पुण्याने २०१७ मध्ये आठशे किलोमीटरहून मोठ्या जाळ्याचा सायकल आराखडा मंजूर केला. कागद सुंदर आहे. रस्त्यावर ट्रॅक सुरू होतो, पन्नास पावलांवर बसथांब्यात घुसतो, पुढे पाणीपुरीच्या गाडीपाशी संपतो, आणि जेवढा सलग आहे तेवढ्यावरून मोटारसायकली जातात. सायकलींचं शहर म्हणायचे या गावाला.

भुसावळ_शेड

नेदरलँड्सचं नाव अजून कुणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतं. घेतो. लोकांना वाटतं ते जन्मतःच सायकलवर बसलेले. तसं नाही. युद्धानंतर तिथेही गाड्या आल्या, रस्ते रुंद केले, सायकली हटल्या. १९७१ साली त्या एवढ्याशा देशात सुमारे ३,३०० माणसं रस्त्यावर मेली, त्यात चारशेच्या वर लहान मुलं. तेव्हा आई-बाप रस्त्यावर उतरले. चळवळीचं नावच "मुलांची हत्या थांबवा" असं. रस्ते अडवले, संसदेवर मोर्चे नेले. १९७३ मध्ये तेलाचा भडका उडाला, सरकारने रविवारी गाड्या बंद ठेवल्या आणि लोकांना मोकळा रस्ता कसा असतो ते दिसलं. पुढची सगळी कामं त्या रेट्याने झाली. आणि आजही तिथल्या आतल्या गल्ल्यांत बहुतेक ठिकाणी वेगळा ट्रॅक नसतो. ॲमस्टरडॅमने डिसेंबर २०२३ मध्ये बहुतेक रस्त्यांवर तीसचीच मर्यादा लावली.

आमच्या भुसावळात पाळी सुटली की सायकलींचा लोंढा निघायचा, रेल्वेचा वेगळा आणि वरणगाव फॅक्टरीचा वेगळा. तेव्हा कुणी ट्रॅक केला नव्हता. मोटारीच हळू होत्या.

धुळेकर_गल्ली४

तेव्हा मोटारीच नव्हत्या असं म्हणा. आणि डच आई-बापांसारखं इथे कोण उतरणार? इथे अपघात झाला की ड्रायव्हरला झोडपतात, टायर जाळतात, दोन तासांनी घरी. नंतर त्या जागेचं काय झालं ते कुणी बघायला जात नाही.

सातपुड्याखाली

मी धडगाव तालुक्यातला. तुम्ही सगळे म्हणताय लोकांनी जास्त चाललं पाहिजे. आमच्याकडे लोकांचं चालणं कमी झालं पाहिजे, भाऊहो. बाई दवाखान्यात चालत जाते, पोरं आश्रमशाळेत चालत जातात, बाजाराच्या दिवशी डोक्यावर ओझं घेऊन डोंगर उतरतात आणि चढतात. सायकलचं नाव काढू नका, चांदसैलीच्या घाटात सायकल ढकलण्यापेक्षा माणूस हलका चालतो. पावसात दरड आली की तोही रस्ता बंद.

घाट रुंद करतात तेव्हा काय होतं ते सांगतो. एका बाजूला डोंगर कापून गटार, दुसऱ्या बाजूला दरीच्या कडेला पत्र्याचा कठडा. कठडा डांबराला चिकटून. पहिले त्या कडेने पायवाट होती, आता तिथे पाऊल ठेवायला वीतभर जागा नाही. मागून जीप आली की मोळी घेतलेली बाई गटारात उतरते. गाडीवाला दरीत पडू नये म्हणून कठडा, चालणाऱ्याचा विचारच नाही. कठड्याच्या बाहेरून हातभर वाट सोडली असती तर किती खर्च आला असता?

आम्हाला आधी एसटी पाहिजे. वेळेवर येणारी.

अमळनेरच्या_बाई

हे फार महत्त्वाचं लिहिलंत दादा. एसटीने येणारा माणूससुद्धा थांब्यापर्यंत आणि थांब्यापासून चालतच असतो. माझ्या मुली बसमधून उतरतात त्या सरळ हायवेच्या कडेला. थांबा एका बाजूला, गाव दुसऱ्या बाजूला. बस निघून जायच्या आत बसच्या पुढून पळत रस्ता ओलांडतात, कारण नंतर फट मिळत नाही. मागून येणाऱ्याला बसमुळे त्या दिसत नाहीत. तापीकाठचे भाऊ, तुमचं उंच क्रॉसिंग पहिलं तिथे हवं, थांब्याच्या मागच्या बाजूला.

रावेर_ट्रान्सपोर्ट

बाई, हे करायला माझी ना नाही. बसथांबा आणि शाळा, एवढ्या ठिकाणी मापात, पट्टे मारून, दिवा लावून क्रॉसिंग करा. ड्रायव्हरला लांबून दिसलं की तो हळू होतो, कुणाला हौस नसते माणूस मारायची. पण सगळ्या वस्तीत तीस म्हणाल तर चोपडा ते रावेर हा सगळा रस्ता वस्तीच आहे. गाव संपत नाही तोच दुसरं सुरू. मग बायपासच द्या आणि गावातला जुना रस्ता तुम्ही घ्या.

तापीकाठचा

"जुना रस्ता तुम्ही घ्या" इथे खरी गोम आहे. बायपास झाला की जुना हायवे पालिकेकडे किंवा बांधकाम खात्याकडे येतो. ट्रक गेलेले असतात, रुंदी तशीच असते. मोकळा मिळाला म्हणून मोटारसायकली त्यावर आधीपेक्षा जोरात पळतात, आणि दोन वर्षांत कडेला गाळे उभे राहतात. हस्तांतर होताना, नवीन डांबर पडण्याआधी, नकाशात १.८ मीटरचे पदपथ, कडेला सायकलपुरती जागा आणि दर थांब्याला उंच क्रॉसिंग घातलं तर होतं. डांबर पडल्यावर कुणी फोडत नाही. जळगावच्या बाबतीत हीच वेळ साधायची आहे.

धुळेकर, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी काय आहे? जुना आग्रा रोड. नावच सांगतं की मुंबई-आग्रा रस्ता इथून जायचा. हायवे बाहेर गेला आणि ती बाजारपेठ झाली. आज तिथे तीसने गाडी चालवून दाखवा, दहाच्या पुढे जमणार नाही. वर्षानुवर्षं तीसच्या आत जगताय तुम्ही.

धुळेकर_गल्ली४

जुन्या आग्रा रोडवर गाडी दहाने जाते ती गर्दीने, तुमच्या नियमाने नाही. आणि तिथे पायी चालणं सुरक्षित आहे असं सांगणारा दिवाळीच्या आठवड्यात तिथे कधी आलेला नाही.

तरी एक मान्य करतो. शाळा सुटायच्या वेळी शाळेसमोर तीस, बसथांब्यावर क्रॉसिंग, हे मलाही पाहिजे, माझा नातू त्याच रस्त्याने येतो. सगळ्या गावात चोवीस तास तीस, याला माझा विरोध कायम. रात्री अकराला रिकाम्या रस्त्यावर मी तीसने गाडी चालवणार नाही, आणि तुम्हीही चालवणार नाही.

चाळीसगावी_कापडवाला

पदपथ १५ सेंटिमीटरचा आणि सलग करून देणार असाल तर पुतळे मी आत घेतो. पार्किंगचं मात्र आधी ठरवा. नगरपालिकेच्या मोकळ्या प्लॉटवर जीपांची सोय झाली तरच माझ्या दारातली जागा सोडीन, नाहीतर ही चर्चा तुमची तुम्ही चालू ठेवा.